तीन टाक्या, एक संप: आधी पंप बंद पडल्याचे गणित

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत आपल्याकडे खाऱ्या पाण्याच्या चार टाक्या आहेत. मुख्य रीफ टाकी १२० × ५० × ५० सेंटिमीटरची असून तीत झोअँथिड, मशरूम आणि लेदर प्रवाळ आहेत. प्रवाळांचे तुकडे वाढवण्यासाठी ९० × ६० × ३० ची उथळ फ्रॅग टाकी आहे, लायनफिश आणि ट्रिगर या माशांसाठी ९० × ४५ × ४५ ची स्वतंत्र टाकी आहे आणि नवे मासे काही आठवडे वेगळे ठेवण्यासाठी दोन फुटी विलगीकरण टाकी आहे. या चारही टाक्या ड्राय बाल्कनीत ठेवायच्या एकाच संपवर (टाक्यांचे पाणी जिच्यात उतरते, गाळले जाते आणि पंपाने परत वर जाते ती खालची टाकी) आणि एकाच स्किमरवर (फेसाबरोबर पाण्यातील मळ काढून टाकणारे यंत्र) आणाव्यात, असा आपला विचार आहे. हे जमेल का, एक पंप पुरेल का, एक इंची पाइप चालेल का आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला म्हणजे वीज गेल्यावर पाणी परत येणार नाही ना, असे आपण विचारले आहे.

तीन टाक्या जोडता येतील. विलगीकरणाची टाकी मात्र जोडू नये. पंप एक चालेल, पण दोन असलेले बरे. ‘एक इंची’ या शब्दाचे आपल्याकडच्या दुकानांत तीन अर्थ होतात, त्याचा उलगडा पुढे करतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबून जी रचना उभी राहते ती आज ना उद्या खालच्या मजल्यावर उतरते, आणि हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो आहे.

विलगीकरणाचे आधी सांगतो, कारण तेथे चूक झाली तर बाकीची सारी नळजोडणी व्यर्थ आहे. एकाच संपवर आलेल्या टाक्या दिसायला वेगळ्या असतात, परंतु पाण्याच्या दृष्टीने ती एकच टाकी असते. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग ज्या क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीमुळे होतो, त्याची पोहणारी अवस्था पाण्याबरोबर सहज फिरते. विलगीकरणात आलेल्या नव्या माशाच्या अंगावर तो असेल, तर एका दिवसात तो तिन्ही टाक्यांत पोहोचलेला असेल. उलट बाजूने पाहिले तरी तेच: विलगीकरणात औषध म्हणून तांबे वापरावे लागते आणि तांब्याचे तेच प्रमाण कोळंबी, गोगलगायी व प्रवाळ यांना मारक असते. म्हणजे त्या टाकीचे पाणी या बाजूला येऊन चालत नाही आणि या बाजूचे तिकडे जाऊन चालत नाही. तिच्यासाठी साधा स्पंज फिल्टर, स्वतंत्र हीटर, स्वतंत्र जाळी आणि स्वतंत्र बादली ठेवावी. ओली जाळी इकडून तिकडे नेणे ही देखील एक प्रकारची नळजोडणीच आहे.

तीन टाक्या जोडण्याची किंमतही आताच लक्षात घ्या. पुढे कधी हा रोग शिरलाच, तर तिन्ही टाक्यांतील सगळे मासे एकाच वेळी बाहेर काढावे लागतील आणि तिन्ही टाक्या माशांविना ठेवाव्या लागतील. हौशी लोकांत यासाठी ७६ दिवसांचा कालावधी रूढ आहे. टाक्या सुट्या असत्या तर एकीवर निभावले असते. शोभेच्या माशांची दुकाने आपल्या रॅक एका मोठ्या संपवर चालवतात, तेव्हा त्यांचा माल काही दिवसांत विकला जायचा असतो आणि माशांच्या रॅकमध्ये प्रवाळ नसल्यामुळे त्यांना औषध घालण्याची मोकळीक असते. आपल्याला ती नाही. दुकानातील रॅक पाहून घरातील रचना आखू नये, असे मी म्हणतो ते याचसाठी. परतीच्या नळावर, म्हणजे संपमधून पाणी वर टाकीत नेणाऱ्या नळावर, अतिनील दिवा बसवला तर एका टाकीतून दुसरीत जाणाऱ्या परजीवींना काही अडथळा होतो, मात्र तो उपचार नव्हे.

पाणी एक होणार म्हणजे त्याचे रसायनही एक होणार. लायनफिश आणि ट्रिगर यांना आपण कोळंबी, माशांचे तुकडे असा जड आहार देणार आणि त्यातून निघणारे नायट्रेट व फॉस्फेट रीफला सोसावे लागणार. आपल्याकडचे मऊ प्रवाळ थोडे ‘मळके’ पाणी मजेत सहन करतात, त्यामुळे येथे मला मोठी अडचण दिसत नाही. फक्त स्किमर निवडताना केवळ लिटर मोजू नका, ट्रिगरच्या ताटलीकडे पाहून निवडा. लेदर प्रवाळ पाण्यात टर्पीन वर्गातील रसायने सोडतात आणि जोडलेल्या व्यवस्थेत ती फ्रॅग टाकीतील लहान तुकड्यांपर्यंत पोहोचतात. म्हणून संपमध्ये सक्रिय कोळसा कायम असावा आणि तो महिन्याकाठी बदलावा. तुकडे कापण्याचे काम कधीही टाकीत करू नये. ते बाहेर भांड्यात, हातमोजे आणि चष्मा घालून करावे आणि धुऊनच तुकडे आत ठेवावेत. पुढेमागे कठीण सांगाड्याचे प्रवाळ किंवा समुद्रघोडे ठेवण्याचा मोह होईल तेव्हा हेही ध्यानात असू द्या की हे दोन्ही जीव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. शिवाय समुद्रघोड्यांना तुलनेने थंड आणि संथ पाणी लागते, त्यामुळे या संपवर त्यांची सोय होणार नाही.

आता मुख्य मुद्दा. नळजोडणीचा आराखडा करताना बहुतेक जण पंप चालू असताना पाणी कोठून कोठे जाईल याचे चित्र काढतात. ते चित्र सोपे असते आणि ते बहुधा बरोबरच येते. घरात पाणी साचते ते त्या चित्रामुळे नव्हे. पंप थांबला की काय होईल आणि निचरा तुंबला की काय होईल, ही दोन चित्रे कोणी काढलेली नसतात म्हणून. या दोन्ही चित्रांचे आकडे बसले, की चालू अवस्था आपोआप बसते.

पहिले चित्र: रात्री वीज गेली. तिन्ही टाक्यांतील ओव्हरफ्लोच्या, म्हणजे ज्या पेटीत पाणी ओसंडून निचऱ्याला लागते तिच्या, कडेवर उभे असलेले पाणी संपमध्ये उतरू लागते. रीफ टाकीचे क्षेत्रफळ ६,००० चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे पातळी १ सेंटिमीटर उतरली की ६ लिटर पाणी खाली आले. फ्रॅग टाकीचे ५.४ लिटर, लायनफिशच्या टाकीचे जवळपास ४ लिटर. तिन्ही मिळून दर सेंटिमीटरला साडेपंधरा लिटर. कडेवरचे पाणी साधारण २ सेंटिमीटर आणि परतीच्या नळाचे तोंड त्या कडेच्या १ सेंटिमीटर खाली धरले, तर ३ सेंटिमीटर उतार, म्हणजे सुमारे ४६ लिटर. ओव्हरफ्लोच्या पेट्या निचऱ्याच्या नळाच्या तोंडापर्यंत रिकाम्या होतात. २० × १२ सेंटिमीटरची पेटी २० सेंटिमीटर उतरली तर जवळपास ५ लिटर. तीन पेट्यांचे १४ लिटर धरू. नळांतील पाणी लोक विसरतात: एक इंची शेड्यूल ४० (नळाच्या भिंतीच्या जाडीचा एक दर्जा) नळात दर मीटरला अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी मावते आणि ड्राय बाल्कनीपर्यंत तीन निचरे व तीन परतीचे नळ मिळून ३० मीटर झाले, तर आणखी १६-१७ लिटर. एकूण सुमारे ७७ लिटर पाणी, कोणीही न बोलावता, संपमध्ये येणार आहे.

आपला संप १०० × ४५ × ४५ चा करावा, असे मी सुचवतो. त्यात कप्पे पाडणाऱ्या काचा, म्हणजे बॅफल, २० सेंटिमीटर उंचीच्या ठेवा आणि वरची ३ सेंटिमीटर कड सोडून द्या. मग बॅफलच्या वर २२ सेंटिमीटर मोकळी जागा उरते, म्हणजे ९९ लिटर. ७७ लिटर त्यात मावतात आणि २२ लिटर हाताशी राहतात. संपमध्ये ठेवलेले स्किमर आणि लाइव्ह रॉक त्या जागेत थोडे घुसतात, हे लक्षात घेता ही शिल्लक चैन नाही.

आता याच गणितात एक छोटा बदल करून पाहा. परतीच्या नळाचे तोंड सुबक दिसावे म्हणून कोणी ते आणखी १२ सेंटिमीटर खाली घेतले. पंप चालू असताना काहीही फरक पडत नाही. वीज गेली की मात्र तोच नळ सायफन होऊन उलटा वाहू लागतो आणि तोंड उघडे पडेपर्यंत थांबत नाही. १२ सेंटिमीटरचे १८५ लिटर. हाताशी होते २२. उरलेले सुमारे १६० लिटर खारे पाणी ड्राय बाल्कनीच्या उंबरठ्यावरून स्वयंपाकघरात येते.

या जागी बहुतेक जण नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून निश्चिंत होतात. मीही झालो होतो. ठाण्यात एका घरी मी दोन टाक्या जोडल्या, उत्तम प्रतीचा व्हॉल्व्ह बसवला, पाण्यावर चाचणी घेतली आणि ती व्यवस्था सात-आठ महिने निर्वेध चालली. मग एका पहाटे वीज गेली. व्हॉल्व्ह उघडून पाहिला तेव्हा त्याच्या झडपेखाली हरभऱ्याएवढी गोगलगाय बसलेली होती आणि झडपेच्या कडेला गुलाबी चुनखडी शेवाळाचा पातळ थर चढला होता. झडप दोन मिलिमीटर उघडी राहिली होती, तेवढी पुरली. खालच्या मजल्यावरच्या काकूंचे छत मी रंगवून दिले. गोड्या पाण्याच्या पंपावर हा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे काम करतो. समुद्री टाकीत त्याच्यावर जीव वाढतात, हा सारा फरक आहे. बसवायचाच असेल तर युनियनसह, म्हणजे हाताने उघडता येणाऱ्या जोडासह, बसवा आणि दर दोन महिन्यांनी उघडून साफ करा, पण गणितात तो नाहीच असे धरून चाला. खरा बंदोबस्त म्हणजे परतीचे तोंड पृष्ठभागाला लागून ठेवणे. पृष्ठभागाच्या किंचित खाली नळाला ४ मिलिमीटरचे छिद्र पाडतात, ते हवा घेऊन सायफन तोडते. तेही चांगले, मात्र छिद्रातही शेवाळ बसते, म्हणून ते आठवड्याच्या साफसफाईत टूथपिकने मोकळे करावे लागते. तोंडाची उंची कधी तुंबत नाही.

दुसरे चित्र: वीज आहे, पंप चालू आहे, पण एका टाकीचा निचरा तुंबला. पंप संपच्या शेवटच्या कप्प्यातले पाणी उपसत राहणार आणि ते सगळे त्या एका टाकीत चढणार. म्हणून पंपाच्या कप्प्यात उपसता येण्याजोगे पाणी सर्वांत लहान टाकीच्या कडेखालील मोकळ्या जागेपेक्षा कमी असले पाहिजे. ३० × ४५ चा कप्पा, पाणी १७ सेंटिमीटर आणि पंप ५ सेंटिमीटरवर हवा ओढू लागतो, असे धरले तर १६ लिटर उपसले जातात. लायनफिशच्या टाकीत कडेखाली ५ सेंटिमीटर जागा ठेवली तर तीत २० लिटर मावतात. वरवर पाहता जमले. परंतु पंप हवा ओढू लागला की इतर दोन टाक्यांचा पुरवठा मंदावतो, त्यांच्या कडेवरचे पाणी संपमध्ये उतरते आणि पंपाला पुन्हा उपसायला पाणी मिळते. जोडलेल्या टाक्यांचे हे खास दुखणे आहे. एकट्या टाकीत ते नसते. आणखी एक चोरवाट म्हणजे बाष्पीभवन भरून काढणारा स्वयंचलित टॉप-ऑफ. कप्प्यातील पातळी घटली की ‘पाणी उडाले’ असे समजून तो गोडे पाणी ओतत बसतो. त्याच्या साठ्याचे पिंप ५० लिटरचे असेल तर तेही सारे जमिनीवर येते आणि वर टाक्यांतील क्षारताही घसरते. म्हणून त्याचा साठा १० ते १५ लिटरच ठेवा, सलग किती वेळ पाणी सोडायचे याची मर्यादा असलेला नियंत्रक घ्या आणि पंपाच्या कप्प्यात पातळी फार उतरली की पंपच बंद करणारा फ्लोट स्विच बसवा.

या दुसऱ्या चित्राचा खरा उपाय निचऱ्यातच आहे. प्रत्येक टाकीला दोन निचरे द्यावेत. एक पूर्ण भरून, सायफनने, आवाज न करता वाहणारा. त्यावर गेट व्हॉल्व्ह असतो आणि त्याने पातळी जुळवतात. दुसरा थोडा उंच तोंडाचा, एरवी कोरडा किंवा पाण्याची बारीक धार वाहणारा आणीबाणीचा नळ. हौशी लोक याला हर्बी पद्धत म्हणतात; तीन नळांची बीन ॲनिमल पद्धत त्याहून निर्धोक आहे, पण नव्वद सेंटिमीटरच्या टाकीत तिसऱ्या नळाला जागा काढणे मला अनाठायी वाटते. सायफनच्या नळावर बॉल व्हॉल्व्ह लावू नका. त्याची दांडी केसभर हलवली तरी प्रवाह एकदम बदलतो आणि आपण पातळी जुळवत तासभर बसतो. आणीबाणीच्या नळावर तर कोणताच व्हॉल्व्ह नको. व्हॉल्व्ह असला की कोणीतरी कधीतरी तो बंद करतोच.

नळ वाचवण्यासाठी तिन्ही टाक्यांचे निचरे एका जाड नळात एकत्र करण्याची कल्पना आपल्याला प्लंबर नक्की सुचवेल, कारण सांडपाण्याची जोडणी तो तशीच करतो. येथे तसे करू नका. एका टाकीचा सायफन दुसरीच्या नळातून हवा ओढतो, गुरगुर सुरू होते, पातळ्या एकमेकींबरोबर डोलू लागतात आणि एका ठिकाणचा अडथळा तिन्ही टाक्यांना भोवतो. प्रत्येक निचरा आपापल्या वाटेने संपपर्यंत आणा. संपमध्ये सायफनच्या नळाचे टोक पाण्यात दोन-अडीच सेंटिमीटरच बुडवा. खोल बुडवले तर सुरुवातीला नळातील हवेला बाहेर पडायला जोर लागतो आणि सायफन लागतच नाही. आणीबाणीच्या नळाचे टोक पाण्याच्या वर ठेवा, म्हणजे तो वाहू लागला की त्याचा आवाज येईल. तो आवाज हाच इशारा. दोन टाक्या काठावरून टाकलेल्या उलट्या यू नळाने जोडून ‘पातळी आपोआप समान राहील’ असे सांगणारेही भेटतात. त्या नळाच्या माथ्यावर बुडबुडे साचत जातात, एक दिवस सायफन तुटतो आणि एक टाकी भरून वाहते.

आता एक इंचाकडे येऊ. दुकानात आपल्याला तीन प्रकारचे ‘एक इंची’ मिळतील. शेड्यूल ४० किंवा ८० च्या पांढऱ्या यूपीव्हीसी नळाचा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर असतो. गरम पाण्यासाठीच्या पिवळसर सीपीव्हीसी नळाचा २८.६ असतो, आणि त्याची आतली पोकळी शेड्यूल ४० पेक्षा एक पंचमांशाहूनही अधिक अरुंद असते. शेतीच्या करड्या पीव्हीसी नळाची मापे सरळ मिलिमीटरमध्ये असतात आणि दुकानदार ३२ मिलिमीटरच्या नळालाही बोलताना ‘एक इंची’ म्हणतो. ३२ चा नळ ३३.४ च्या फिटिंगमध्ये सैलसर जातो, सोल्व्हंट सिमेंट भरपूर चोपडले की बसल्यासारखा वाटतो आणि काही आठवड्यांनी जोडावर मिठाची पांढरी रेघ उमटते. काम सुरू करण्यापूर्वी एकच प्रकार निवडा आणि बल्कहेडपासून, म्हणजे काचेच्या छिद्रात बसणाऱ्या ज्या जोडाला प्लंबर टँक निपल म्हणतो तिथपासून, पंपापर्यंत सगळे त्याच मापात घ्या. मी यूपीव्हीसी शेड्यूल ४० घेतो. सायफनच्या निचऱ्याला एक इंच पुरते, कारण एकूण ६४४ लिटरच्या टाक्यांना संपमधून तासाला तीन ते पाच वेळा पाणी फिरवायचे म्हणजे सुमारे २,००० ते ३,२०० लिटर, आणि त्यातले एका टाकीच्या वाट्याला येणार जेमतेम हजार-बाराशे. आणीबाणीचा नळ मात्र दीड इंची असावा. टाकीतला प्रवाह वाढवायचा असेल तर तो वेव्हमेकरने, म्हणजे टाकीतच पाणी ढवळणाऱ्या लहान पंपाने, वाढवा. संपमधून जास्त पाणी पळवून फक्त आवाज वाढतो.

फिटिंग विकत घेताना प्रत्येक नग हातात घेऊन आटे पाहा. आपल्याकडे आटे असलेल्या सीपीव्हीसी फिटिंगमध्ये पितळी इन्सर्ट सर्रास असतो. घरच्या नळाला तो उत्तम; खाऱ्या पाण्यात पितळ झिजते आणि तांबे सोडते. माझ्या एका परिचिताच्या टाकीत कोळंब्या दोन-दोन दिवसांनी मरत होत्या, पाण्याच्या सगळ्या चाचण्या व्यवस्थित येत होत्या, आणि शेवटी परतीच्या नळावरच्या एका एल्बोच्या आत हिरवट पडलेली पितळी कडी सापडली. बाहेरून तो एल्बो पूर्ण प्लॅस्टिकचा दिसत होता. तीच गोष्ट व्हॉल्व्हच्या आतील स्प्रिंगची आणि स्क्रूची.

छिद्रे पाडण्यापूर्वी टाकी बनवणाऱ्याकडून तळाची आणि मागची काच टफन्ड नाही, याची खात्री करून घ्या. टफन्ड काचेला ड्रिल लावले की तिचा चुरा होतो. साध्या काचेत डायमंड होल सॉ कमी वेगाने, सतत पाणी सोडत, हाताचा भार न देता चालवावा आणि छिद्राची कड काचेच्या काठापासून किमान छिद्राच्या व्यासाइतकी दूर असावी. बल्कहेडचा रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला, कॉलरखाली येतो, नटाखाली नव्हे. नट हाताने घट्ट करून मग पाव फेरा द्यावा. वॉशरला सिलिकॉन फासू नये. वॉशर घसरतो आणि पुढे तो बदलताना काच खरवडावी लागते. प्लंबरला हे सांगूनही तो पाना घेऊन नट पिळणारच, म्हणून त्या वेळी शेजारी उभे राहा.

ड्राय बाल्कनीपर्यंत नळ नेताना भिंत ओलांडावी लागेल. विटांच्या भिंतीला कोअर कटिंग करून घेणे सोपे आहे; आपली इमारत माइव्हान पद्धतीची असेल तर आतल्या भिंतीही काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या असतात आणि सोसायटीच्या अभियंत्याच्या परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. दाराखालून नळ नेऊन पुन्हा वर चढवण्याचा पर्याय निचऱ्याला चालत नाही, त्या खोलगट भागाच्या पुढे हवा अडकते. आडव्या नळाला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार द्या आणि काटकोनी एल्बोऐवजी पंचेचाळीस अंशांचे दोन वापरा. टाक्यांचे वजनही त्याच अभियंत्याला विचारा: घरांच्या स्लॅबचा आराखडा साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो चलभार धरून करतात, तर भरलेली रीफ टाकी स्टँडसह तेवढ्याच जागेवर त्याच्या तिप्पट-चौपट भार टाकते. बीमलगत, भिंतीला लागून ठेवलेली टाकी आणि खोलीच्या मध्यावर ठेवलेली टाकी यांत फार फरक आहे.

पंपाबाबत माझा कौल दोन मध्यम पंपांना आहे: एक रीफला, दुसरा उरलेल्या दोन टाक्यांना. एक बिघडला तरी निम्मी व्यवस्था श्वास घेत राहते. मात्र दोन्हींचे नळ एका मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे एका सामायिक नळात, मिळवू नका. बंद पडलेल्या पंपातून चालू पंपाचे पाणी उलटे संपमध्ये पडते आणि आपल्याला पंप चालू दिसतो पण टाकीत पाणी पोहोचत नाही. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीवरचा असतो. आपल्याकडे चढाव सुमारे एक मीटर दहा सेंटिमीटरचा आहे. लांब नळ व वळणे यांची भर घालून पंपाच्या उंची-प्रवाहाच्या आलेखावर दोन मीटरच्या रेषेवर किती पाणी मिळते ते वाचा. फ्रॅग टाकी लायनफिशच्या टाकीपेक्षा १५ सेंटिमीटर बुटकी असल्यामुळे पाणी तिकडे अधिक धावेल, म्हणून दुसऱ्या पंपाच्या दोन्ही फाट्यांवर व्हॉल्व्ह हवेत. एखादी टाकी तात्पुरती वेगळी करायची झाली तर तिच्या परतीचा एवढा एक व्हॉल्व्ह बंद करणे पुरते, कारण ओव्हरफ्लोच्या कडेखाली तिचे पाणी जाऊच शकत नाही. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन असल्याशिवाय सिमेंट लावू नका. वर्षातून दोनदा पंप काढून व्हिनेगरमध्ये ठेवावा लागतोच.

ड्राय बाल्कनीत एप्रिल-मे महिन्यांत जे तापमान असते ते या पाण्याला मानवणारे नाही. पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवायचे तर संपला ऊन लागू देऊ नये आणि चिलर बाहेरच्या उष्ण हवेत गुदमरणार नाही अशी जागा द्यावी. थंडीसाठी एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान घ्या. विजेच्या सर्व जोडण्या संपच्या पातळीच्या वर, तारेला खाली झोळ देऊन आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे बटण) असाव्यात. खारे पाणी विजेला चांगली वाट देते आणि बाल्कनीत आपण अनवाणी असता. भरपाईचे पाणी घरातल्या आरओचे असेल तर त्यातला चवीसाठीचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) नियंत्रक बंद करून घ्या, कारण तो कच्चे पाणी पुन्हा शुद्ध पाण्यात मिसळतो, आणि पुढे उरलेले क्षार शोषणारे डीआय रेझिन लावून टीडीएस शून्यावर आणा.

जोड वाळण्यासाठी चोवीस तास दिल्यावर, मासे आणि मीठ यांच्या आधी, सगळी व्यवस्था साध्या पाण्याने भरा. पंप चालू करून तिन्ही पातळ्या गेट व्हॉल्व्हने जुळवा आणि एक दिवस चालू द्या. मग मुख्य बटण बंद करा आणि संपकडे पाहत बसा. पाणी थांबले की काचेवर पर्मनंट मार्करने रेघ मारा. हे दहा वेळा करा, कारण सायफन कधी लवकर तुटतो तर कधी उशिरा. त्यानंतर एकेका टाकीच्या सायफनचा नळ हाताने बंद करून आणीबाणीचा नळ एकटा पूर्ण प्रवाह पेलतो का ते पाहा, आणि शेवटी आणीबाणीच्या नळातही फडके कोंबून पंपाच्या कप्प्यातील पाणी संपेपर्यंत टाकी वाहते का ते पाहा. ही शेवटची चाचणी लोक टाळतात, कारण ती पाहताना पोटात गोळा येतो. ती आधी लायनफिशच्या टाकीवर करा, जागा तीतच सर्वांत कमी आहे. पाणी कडेला टेकू लागले तर पंपाच्या कप्प्यातील चालू पातळी दोन सेंटिमीटरने उतरवून चाचणी पुन्हा घ्या. बसेल त्या पातळीवर दुसरी रेघ मारा, लाल रंगात, आणि घरातील सर्वांना सांगून ठेवा की पाणी बदलताना संपमध्ये या लाल रेघेच्या वर एक तांब्यासुद्धा ओतायचा नाही.